दोष हातांचा नव्हे, वाद्याचा!

आपल्या घराघरांत तथागत बुद्धांची प्रतिमा असते. संध्याकाळी वंदना झाली की एखादे लहान मूल प्रतिमेकडे बोट दाखवून विचारते, "बुद्धांचा हात असा का?" मग आजी समजावून सांगते. हात वर उचलून तळवा पुढे केला आहे, ती अभयमुद्रा. भिऊ नका, असे तो हात सांगतो. उजव्या हाताची बोटे खाली जमिनीकडे वळली आहेत, ती भूमिस्पर्शमुद्रा. दोन्ही हात छातीशी आणून बोटांचे चक्र केले आहे, ती धम्मचक्रप्रवर्तनमुद्रा. एक शब्दही न उच्चारता हात किती बोलतो, हे बौद्ध माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

हाताच्या याच भाषेवर पाश्चात्त्य देशांत एक नवे वाद्य उभे राहिले आहे. ते फुंकायचे नाही, छेडायचे नाही, त्यावर थाप मारायची नाही. ते अंगात घालायचे. कलावंत हातमोजे घालून रंगमंचावर येतो. मूठ मिटली की सूर धरला जातो, मूठ उघडली की सुटतो. हात वर गेला की आवाज घुमतो, हवेतच बोटाचा फटका मारला की ढोल वाजतो. समोर ना पेटी, ना तबला. पाहणाऱ्याला जादू वाटावी असा हा प्रकार आहे. पण ही जादू नव्हे, विज्ञान आहे. आणि त्यात चमत्कारापेक्षा मोलाची गोष्ट अशी की, ज्यांच्या हातांना जगातील कोणतेही वाद्य दाद देत नव्हते, अशा माणसांनाही या वाद्याने मंचावर आणले आहे. म्हणूनच या विषयाला कुटुंबाच्या पानावर जागा मिळावी, असे आम्हांला वाटले.

स्पर्शावाचून वाजणारे वाद्य

या वाद्याची वंशावळ शंभर वर्षांची आहे. रशियात लेव्ह तेर्मेन नावाचे एक तरुण शास्त्रज्ञ होते. १९२० च्या सुमारास विजेच्या उपकरणांवर काम करताना त्यांच्या लक्षात आले की, आपला हात उपकरणाजवळ नेला की त्यातून निघणारा आवाज बदलतो. माणसाचे शरीर वीज थोडीफार धरून ठेवते, त्यामुळे हात जवळ आला की उपकरणाभोवतीचे विद्युतक्षेत्र बदलते आणि त्याबरोबर सूरही बदलतो. या एका गोष्टीवर त्यांनी वाद्य उभे केले. एका लाकडी पेटीला दोन धातूच्या दांड्या. एक उभी, एक आडवी वळवलेली. उभ्या दांडीजवळ हात हलवला की सूर चढतो-उतरतो, आडवीजवळ हलवला की आवाज लहान-मोठा होतो. वाद्याला कोठेही हात लावायचा नाही. पुढे हे वाद्य 'थेरेमिन' या नावाने जगाला माहीत झाले. १९२२ साली तेर्मेन यांनी ते लेनिन यांना वाजवून दाखवले, तेव्हा लेनिन यांनी स्वतःही ते वाजवून पाहिले.

'स्पर्श न करणे' हे शब्द आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अपमान म्हणून ऐकले आहेत. एका देशात स्पर्श टाळून माणसाला माणसापासून तोडण्याचे शास्त्र रचले गेले. दुसऱ्या देशात स्पर्शावाचून सूर काढण्याचे शास्त्र शोधले गेले. शास्त्र हा शब्द एकच, पण त्यामागची बुद्धी किती वेगळी!

या वाद्याला खरी प्रतिष्ठा एका स्त्रीने मिळवून दिली. तिचे नाव क्लारा रॉकमोर. १९११ साली आजच्या लिथुआनियातील विल्नियस येथे एका ज्यू कुटुंबात तिचा जन्म झाला. लहानपणापासून ती व्हायोलिन वाजवू लागली. पाचव्या वर्षी तिला तिकडच्या नामांकित संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला, एवढी तिची तयारी होती. पुढे कुटुंब अमेरिकेत आले. तेथे ऐन उमेदीच्या वयात तिच्या गज धरणाऱ्या हाताने दगा दिला. बालपणी पोटभर अन्न मिळाले नव्हते, त्याचा हा परिणाम असे सांगितले जाते. व्हायोलिन कायमचे सुटले. उपासमार पोट मारते हे आपल्याला ठाऊक असते. ती कलाही मारते, हे मात्र आपण विसरतो.

परंतु क्लारा रॉकमोर थांबली नाही. तिने थेरेमिन हाती घेतले. नव्हे, हाती न घेताच ती ते शिकली. हवेत बोटांच्या नेमक्या ठेवणीने नेमका सूर काढण्याची पद्धत तिने स्वतः बसवली. तेर्मेन यांनी तिच्या गरजेनुसार वाद्यात सुधारणा करून दिल्या. १९३४ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तिचा जाहीर कार्यक्रम झाला. पुढे थोर कृष्णवर्णीय गायक पॉल रॉबसन यांच्याबरोबर तिने अमेरिकेचे दौरे केले. काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात थारा नव्हता, असा तो काळ होता. हाताने दगा दिलेली ज्यू बाई आणि कातडीच्या रंगासाठी झिडकारलेला गायक एकाच मंचावर उभे राहिले, हे चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे.

तेर्मेन यांच्या आयुष्याचीही एक बाजू आपल्या वाचकांना जवळची वाटेल. नर्तकाच्या संपूर्ण शरीराच्या हालचालीतून संगीत निघावे म्हणून त्यांनी एक चौथरा तयार केला होता. अमेरिकेत असताना १९३८ मध्ये त्यांनी लाव्हिनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तिकेशी विवाह केला. तोवर त्यांना घरी बोलावणाऱ्या धनिकांनी या विवाहानंतर त्यांच्याकडे पाठ फिरवली. यंत्राचे कौतुक करणारा समाज यंत्रकर्त्याचा विवाह मात्र पचवू शकला नाही. विज्ञान घरात आले म्हणजे माणुसकीही आपोआप आली, असे होत नाही. ती वेगळी आणावी लागते. त्याच वर्षी तेर्मेन रशियात परतले आणि तेथे त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. पती-पत्नींची पुन्हा भेट झाली नाही.

स्वयंपाकघरातला मोजा

थेरेमिन जागेवर उभे असते. वाद्यच अंगावर घालण्याची कल्पना पुढे संगणक आल्यावर साकार झाली. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांची विद्युत वाद्ये एकमेकांशी बोलू शकतील अशी एक समान सांकेतिक भाषा ठरली. तिला 'मिडी' म्हणतात. लगेच १९८४ मध्ये हॉलंडच्या मिशेल वाइसविझ या कलावंताने दोन्ही हातांत बांधायचे बटणांचे साज तयार करून अॅमस्टरडॅममध्ये सादर केले. त्याचे नावच त्याने ठेवले 'द हँड्स', म्हणजे 'हात'.

आमच्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट १९९१ ची आहे. लेटिशिया सोनामी ही मूळची फ्रान्सची आणि अमेरिकेत स्थायिक झालेली कलावंत. त्या काळी संगणकाचे हातमोजे म्हणजे युद्धातल्या चिलखतासारखे अवजड, पुरुषी थाटाचे असत. त्याची थट्टा करावी म्हणून तिने चक्क भांडी घासताना घालतात तसले रबरी मोजे घेतले, बोटांच्या टोकांवर चुंबक ओळखणारे छोटे भाग चिकटवले आणि दुसऱ्या हातावर चुंबक बसवला. बोटे चुंबकाजवळ नेली की आवाज बदलत जाई. तिने त्याला नाव दिले 'लेडीज ग्लोव्ह', म्हणजे 'बाईचा मोजा'. पुढे तिने त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या केल्या आणि वर्षानुवर्षे त्या घालून कार्यक्रम केले. ज्या मोज्याने बाई ओट्यापाशी बांधली जाते, तोच मोजा घालून ती मंचावर उभी राहिली. शोध लावायला मोठी प्रयोगशाळाच लागते असे नाही. घरातील वस्तूकडे नव्या नजरेने पाहावे लागते.

मोज्यात आहे तरी काय?

आज या क्षेत्रात सर्वांत जास्त नाव घेतले जाते ते 'मीमू' मोज्यांचे. इंग्लंडची गायिका इमोजेन हीप हिने ते तयार करवून घेतले. तिची अडचण साधी होती. तिचे गाणे संगणकाच्या आधाराने उभे राहते. त्यामुळे मंचावर ती सतत बटणे दाबण्यात आणि कळपट्टीमागे वाकण्यात अडकलेली असे. आपण नेमके काय करीत आहोत, हे समोरच्या श्रोत्यांना दिसतच नाही, ही तिची खंत होती. म्हणून २०१० च्या सुमारास तिने काही सहकारी जमवले. त्यांत ब्रिस्टलच्या विद्यापीठातील संशोधक टॉम मिचेल होते, अॅडम स्टार्क होते, कापडातून विद्युत मंडले विणणारी हॅना पर्नर-विल्सन होती, वेशभूषाकार रेचेल फ्रेअर होती आणि अमेरिकेच्या नासा या संस्थेत काम केलेली शास्त्रज्ञ केली स्नूक होती. या यादीत स्त्रिया किती आहेत, हे आपल्या मुलींना मोजायला सांगा. २०१२ साली हीपने या मोज्यांसाठी रचलेले 'मी द मशीन' हे गाणे सादर केले.

हा मोजा हात ओळखतो कसा? त्यासाठी पुन्हा बुद्धप्रतिमेकडे वळू. अभयमुद्रेत बोटे सरळ असतात आणि भूमिस्पर्शमुद्रेतही ती सरळच असतात. मग दोन्ही मुद्रा वेगळ्या कशा ओळखायच्या? हाताच्या दिशेवरून, एकीत बोटे वर, दुसरीत खाली. उलट अभयमुद्रेतला हात तेथेच ठेवून नुसती मूठ मिटली तर दिशा तीच राहते, पण अर्थ बदलतो. म्हणजेच मुद्रा ओळखायला दोन गोष्टी कळाव्या लागतात : बोटे किती वाकली आहेत आणि हात कोणत्या दिशेला आहे.

मोज्यातही नेमकी हीच दोन प्रकारची साधने असतात. बोटांवर पातळ पट्ट्या शिवलेल्या असतात. पट्टी वाकली की तिच्यातून वीज वाहायला होणारा अडथळा बदलतो. त्यावरून बोट किती वाकले ते कळते. मनगटापाशी दुसरे साधन असते. हाताचा वेग किती बदलला, हात किती फिरला आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मानाने तो कोणत्या दिशेला आहे, हे ते सांगते. ही वस्तू आपल्याला परकी नाही. मोबाइल आडवा धरला की पडद्यावरचे चित्र आडवे होते, ते अशाच साधनामुळे. ही सर्व माहिती बिनतारी मार्गाने संगणकाकडे जाते. तेथे 'ग्लोव्हर' नावाची आज्ञावली असते. तिला आधी शिकवावे लागते : ही माझी मूठ, हा माझा उघडा पंजा, हे माझे एक बोट. प्रत्येकाच्या हाताची ठेवण वेगळी, म्हणून प्रत्येकाने आपला हात तिला शिकवायचा. मग कोणत्या मुद्रेने काय घडावे, ते कलावंत ठरवतो. मुद्रा ओळखली गेली की मनगटाशी हलकासा कंप होतो आणि दिवा लागतो, म्हणजे कलावंतालाही खूण पटते.

'प्रत्येकाने आपला हात शिकवायचा', हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. आमच्या मते या साऱ्या शोधाचे सार त्यातच आहे. हजारो वर्षे माणूस वाद्याप्रमाणे आपला हात वळवीत आला. बासरीची भोके जेथे, बोटे तेथेच गेली पाहिजेत. ज्याची जात नाहीत, त्याने बासरी वाजवू नये! येथे वाद्य माणसाच्या हाताप्रमाणे वळले.

क्रिस हॅल्पिन यांची गोष्ट

हा फरक कोणाला किती मोलाचा ठरतो, ते क्रिस हॅल्पिन या इंग्रज संगीतकाराकडे पाहून कळते. त्यांना सेरेब्रल पाल्सी हा विकार आहे. बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतर थोड्याच काळात मेंदूला इजा झाल्यामुळे हा विकार होतो. हातपाय ताठर राहतात, स्नायू मनाप्रमाणे हलत नाहीत. बुद्धी मात्र अनेकदा अगदी शाबूत असते, हे आपल्याकडे कित्येक नातेवाइकांनाही माहीत नसते. हॅल्पिन वाद्ये वाजवीत होते, गाणी रचीत होते. पण वयाबरोबर त्रास वाढत गेला आणि गिटार, पियानो यांवर बोटे चालणे कठीण होत गेले. डोक्यात गाणे तयार, आणि ते बाहेर आणणारा हात मात्र साथ देत नाही!

इंग्लंडमध्ये अपंग संगीतकारांसाठी काम करणारी 'ड्रेक म्युझिक' नावाची संस्था आहे. तिच्या साहाय्याने मीमू मोजे हॅल्पिन यांच्यापर्यंत पोहोचले. ज्या थोड्या कलावंतांनी हे मोजे सुरुवातीच्या काळात वापरले, त्यांत ते होते. त्यांनी आपल्या हाताला जेवढे जमते तेवढ्याच हालचालींची भाषा बसवली आणि त्या भाषेत संपूर्ण वाद्यवृंद उभा केला. हाताच्या खुणेने गिटारचे स्वर, ढोलाचे ठेके, पियानो. त्यांनी ठिकठिकाणी मंचावर कार्यक्रम केले. लोकांनी तिकिटे काढली ती दया म्हणून नव्हे, संगीतासाठी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोजा घातला की माणूस संगीतकार होत नाही. सुराची जाण, तालाची पकड, महिनोन्‌महिने सराव, हे सारे लागतेच. बॅटरी उतरते, बिनतारी संपर्क तुटतो, भर कार्यक्रमात आज्ञावली हट्ट धरून बसते. मुद्रा चुकली तर सूरही चुकतो. मोजा कष्ट वाचवीत नाही; तो फक्त बंद दार उघडतो. आत जाऊन काय करायचे, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

पायरी कोणी बांधली?

हॅल्पिन यांच्या हातात दोष होता की गिटारमध्ये? प्रश्न विचित्र वाटेल, पण तो विचारण्यामागे एक चळवळ आहे. १९७० च्या दशकात इंग्लंडमधील अपंग कार्यकर्त्यांनी असे मांडले की, आमचे शरीर वेगळे आहे हे खरे. पण आम्हांला अपंग केले आहे ते समाजाच्या रचनेने. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस कचेरीत जाऊ शकत नाही, तो पाय नाहीत म्हणून नव्हे, तर कचेरीला पायऱ्या आहेत आणि उतार नाही म्हणून. या विचाराला पुढे 'सामाजिक प्रतिमान' असे नाव मिळाले.

हा विचार मांडणाऱ्यांत व्हिक फिंकेलस्टाइन हे एक प्रमुख नाव. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. वर्णभेदाविरुद्ध काम केल्याबद्दल तेथील गोऱ्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले आणि सुटल्यावर त्यांच्यावर बंदीहुकूम लादला. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेले फिंकेलस्टाइन १९६८ मध्ये इंग्लंडला आले. वर्णभेद जवळून पाहिलेल्या माणसाला अपंगांची वेगळी पाडलेली स्थिती ओळखायला वेळ लागला नाही.

आम्हांलाही लागू नये. चवदार तळ्याचे पाणी आपल्या बापजाद्यांच्या ओंजळीत येत नव्हते, तो दोष ओंजळीचा होता काय? दोष तळ्याभोवतीच्या व्यवस्थेचा होता. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी हेच जगाला दाखवून दिले. मग आपल्याच वस्तीतल्या अपंग मुलाला "बिचाऱ्याचे नशीब" म्हणून कोपऱ्यात बसवताना आपण कोणती भाषा बोलत असतो? पूर्वजन्माचे पाप हा शब्द आपण धम्मदीक्षेच्या दिवशीच नागपूरला सोडून आलो आहोत. तो एखाद्या अपंग लेकराच्या बाबतीत मागल्या दाराने परत येता कामा नये.

वाद्याच्या बाबतीतही व्यवस्थेचा अनुभव आपल्याला आहे. गावगाड्यात हलगी, डफ वाजवणे ही आपल्या माणसांची कला मानली गेली नाही. ते जातीने लादलेले काम होते. लग्न कोणाचेही असो, वाजवणारे अंगणाबाहेर. पुढे भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आणि जलसाकारांनी ढोलकी, तुणतुणे, डिमडी हीच वाद्ये घेतली आणि समतेचा विचार खेडोपाडी नेला. वाद्ये तीच राहिली, वाजवणाऱ्याचा दर्जा बदलला. वाद्य कोणते यापेक्षा ते कोणाच्या हाती आणि कशासाठी, हा प्रश्न नेहमीच मोठा असतो.

यंत्र कोणासाठी?

कोणी म्हणेल, हे श्रीमंत देशांचे खेळ आहेत, आपल्याला काय त्याचे? यंत्राविषयी बाबासाहेबांचा विचार येथे आठवला पाहिजे. १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात, काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेताना, त्यांनी गांधीजींच्या यंत्रविरोधाचाही समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जनावर आणि माणूस यांत फरक आहे तो संस्कृतीचा. संस्कृतीसाठी माणसाला फुरसत हवी. पोटासाठी अष्टौप्रहर राबणाऱ्याला ती मिळत नाही. ती मिळवून देण्याचे साधन म्हणजे यंत्र. यंत्रामुळे जे अनर्थ होतात, त्यांचा दोष यंत्राकडे नसून खाजगी लाभाला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेकडे आहे.

हाच निकष या मोज्यांना लावून पाहू. २०१४ साली मीमूच्या मंडळींनी इंटरनेटवरून दोन लाख पौंडांची लोकवर्गणी जमवण्याचा प्रयत्न केला. उद्दिष्ट गाठता आले नाही. तरीही काम चालू राहिले आणि २०१९ मध्ये मोजे विक्रीस आले. किंमत एका जोडीला सुमारे अडीच हजार पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वादोन लाख रुपयांच्या घरात. गिरणी, रेल्वे, महापालिका किंवा घरकाम यांवर ज्यांचा संसार चालतो, त्यांनी या हिशोबाकडे नुसते पाहावे आणि पान उलटावे. यंत्र दार उघडते हे खरे, पण दारावर किमतीची नवी कडी बसली तर कोणासाठी उघडले? दोष मात्र येथेही यंत्राचा नाही.

आणि म्हणूनच हे शास्त्र आपल्या मुलांनी शिकणे आवश्यक आहे. कारण मोजा महाग असला तरी त्यामागचे ज्ञान महाग राहिलेले नाही. हाताची हालचाल आणि वळण मोजणारी चकती आज दोन-तीनशे रुपयांत मिळते. २००५ साली इटलीत तयार झालेला 'आर्डुइनो' हा छोटा नियंत्रक फलक विद्यार्थ्यांना परवडावा म्हणूनच निघाला आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला गेला. २०१६ मध्ये बीबीसीने 'मायक्रोबिट' नावाचा असाच चिमुकला फलक ब्रिटनमधील सुमारे दहा लाख शाळकरी मुलांना मोफत वाटला. सर्वांत स्वस्त साधन तर आपल्या खिशातच आहे. जर्मनीच्या आखेन विद्यापीठाने 'फायफॉक्स' नावाचे मोफत अॅप काढले आहे. ते मोबाइलमध्ये घ्या, मोबाइल मनगटाला नीट बांधा आणि हात हलवा. हाताची हालचाल आलेखात उमटलेली दिसेल. मोज्याच्या मनगटात हेच चालते. सुट्टीच्या दिवशी आई-वडिलांनी मुलांबरोबर हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

आपण काय करू शकतो

पहिली गोष्ट, मुलांच्या शाळेत 'अटल टिंकरिंग लॅब' आहे का, ते विचारा. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी केंद्र शासनाची ही योजना आहे आणि अशा लॅबमध्ये असे फलक व चकत्या असतात. कपाटाला कुलूप असेल तर ते उघडायला लावा. आपल्या मुलांनी, विशेषतः मुलींनी, साधने हाताळली पाहिजेत. विहाराच्या अभ्यासिकेतही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी एक टेबल या कामासाठी ठेवता येईल. वस्तीत आयटीआय किंवा पदविका झालेले तरुण असतात. आठवड्यातून दोन तास त्यांनी द्यावेत.

दुसरी गोष्ट, कायदा माहीत करून घ्या. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एकवीस प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देतो. सेरेब्रल पाल्सी त्यांत आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. उच्च शिक्षणात पाच टक्के आणि सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखीव आहेत. याच कायद्याचे एकोणतिसावे कलम सांस्कृतिक जीवनाविषयी आहे. कला अपंगांच्या आवाक्यात आणणे आणि त्यासाठी तंत्र व साधने विकसित करणे, हे शासनाचे काम असल्याचे त्यात म्हटले आहे. म्हणजे अपंग मुलाने गाणे, वाजवणे, नाचणे ही कोणाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे. वस्तीतल्या प्रत्येक अशा मुलाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी ओळखपत्र काढून देण्याचे काम मंडळांनी अंगावर घ्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत अवघड. आपल्या जयंतीचा मंच किती उंच असतो! त्यावर चढायला लाकडी शिडी, नाहीतर चार पायऱ्या. पाहुण्यांसाठी सोफा असतो, हार असतात, ध्वनिवर्धकांच्या भिंती असतात. खुर्चीवरच्या मुलाला वर नेणारा उतार मात्र नसतो. दोन फळ्या टाकल्या तर तो होतो. विहाराच्या दाराशीही असा उतार असावा. सांस्कृतिक कार्यक्रमात त्या मुलाचे नाव शेवटी 'विशेष कौतुक' म्हणून न घेता इतरांबरोबर क्रमाने घ्यावे. त्याला डिमडी धरता येत नसेल, तर ती स्टँडवर बांधून द्यावी. एका बोटाने मोबाइलवर ठेका धरता येत असेल, तर तो मोबाइल ध्वनिवर्धकाला जोडावा. ऐकणाऱ्यांनी संगीत ऐकावे, अपंगत्व ऐकू नये.

क्लारा रॉकमोरला हवेत वाजणारी पेटी मिळाली, क्रिस हॅल्पिन यांना शिवलेला मोजा मिळाला. दोघांनाही आधी मिळाली ती त्यांच्यासाठी वाद्य बदलायला तयार असणारी माणसे. मोजा विकत घ्यायला २०१९ साली सव्वादोन लाख लागत होते. अशी माणसे व्हायला काहीही लागत नाही. येत्या १४ एप्रिलला आपल्या वस्तीच्या मंचाला उतार असावा आणि त्यावरून कोणीतरी पहिल्यांदाच वर यावे, एवढी जबाबदारी प्रत्येक मंडळाने घ्यावी, ही आमची कळकळीची विनंती आहे.

जयभीम!